सेंगाचं वारूळ

वारुळाला मालक असतो. कंपालाजवळच्या तळ्याकाठच्या सगळ्या गावांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जमीन एकाची आणि तिच्यातलं वारूळ दुसऱ्याचंच, असं सर्रास असतं, आणि त्यावरून डोकी फुटतात. मालकी टिकवायची रीत साधी आहे. पावसाळा लागला की मालकाने वारुळावर वेताचं नि केळीच्या पानांचं खोपटं घालायचं आणि दोन सुक्या काठ्या घेऊन ताल धरायचा. आतल्या वाळवीला वाटतं, वर पाऊस कोसळतोय. मग पंख फुटलेली वाळवी, जिला तिकडे मपावू म्हणतात, भराभरा बाहेर येते. ती गोळा करायची, परतायची आणि खायची. ज्या पावसाळ्यात मालकाने वारुळातून काहीच काढून खाल्लं नाही, त्या पावसाळ्यापासून वारूळ जमीनवाल्याचं. कागद नाही, शिक्का नाही, आणि तरी ही रीत कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही.

सेंगाचं वारूळ वनस्पती उद्यानाच्या कुंपणाच्या आत होतं. सेंगा म्हणजे आत्या. ती होती चित्रं काढणाऱ्या नामुलोंडोची आत्या, पण अर्धं गाव तिला सेंगाच म्हणायचं. ऐन तरुणपणी ती नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली, तेव्हा तिच्या भावाने, म्हणजे नामुलोंडोच्या वडिलांनी, तिला अंगणात उभं करून सांगितलं होतं, "जमिनीत तुला वाटा देता येत नाही, आपल्यात ते नाही. पण ते वारूळ तुझं." झालं. उभ्या जन्मात तिच्या मालकीची झालेली ती एवढीच वस्तू. पुढे भाऊ वारला आणि त्याच्या मुलांनी जमीन उद्यानाला विकून टाकली. तेव्हा गावच्या चेअरमनसमोर बसकण मारून सेंगाने एकच हट्ट धरला, की वारूळ रीतीप्रमाणे माझंच राहील. उद्यानवाले हो म्हणाले. एका वारुळाने त्यांचं काय जाणार होतं! तेव्हापासून दर पावसाळ्यात ती गोमेसीचा, म्हणजे तिकडच्या पायघोळ झग्याचा, घोळ खोचून फाटकातून आत शिरायची, पहारेकऱ्याला दोन शिव्या हासडायची आणि मपावूने भरलेली टोपली डोक्यावर घेऊन ऐटीत बाहेर पडायची.

त्या वर्षी उद्यानाने कलावंतांना राहायला बोलावलं. उद्यानाच्या प्रमुख होत्या डॉक्टर अतुहैरे, पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखातल्या, बोलायला गोड आणि कामाला चोख. त्यांचं म्हणणं असं, की लोक येतात, फुलं बघतात, आइस्क्रीम खातात आणि जातात. झाडाखाली माती आहे, मातीखाली खडक आहे, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. ते डोक्यात आणून देईल असं काहीतरी कलावंतांनी करावं. दोघे आले. एक वालुसिंबी, कंपालाचा, आवाजांवर काम करणारा. दुसरी नामुलोंडो, जी मातीचे रंग करून चित्रं काढायची.

नामुलोंडोचा जन्म त्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावरचा. पण वडील गेल्यावर ती कंपालात राहिली ती राहिलीच, गावी यायची ती कुणाच्या मातीला. स्वभावच तिचा तसा, जरा लांबून बघण्याचा. वडिलांच्या मातीच्या दिवशीही बायका ऊर बडवत होत्या, तेव्हा ही खड्ड्याच्या कडेला उभी राहून मातीचे थर बघत होती. वर काळा, मग लाल, मग पिवळा. दुःख झालं नव्हतं असं नाही. पण थर दिसले ते दिसलेच, त्याला ती तरी काय करणार?

सेंगाच्या दारात येऊन तिने गुडघे टेकून नमस्कार केला.

"ऊठ बाई, ऊठ," सेंगा म्हणाली. "सवय गेलेली दिसतेय. गुडघे वाजले तुझे."

"बरी आहेस ना, सेंगा?"

"मला काय धाड भरलीय? तू सांग. त्या बागेत राहून करणार काय तू?"

"मातीची चित्रं."

"आणि जेवायला कोण घालणार?"

"बागच."

"वा! म्हणजे माझ्या भावाची जमीन अजून तुला पोसतेच आहे की!" सेंगा हसली आणि नामुलोंडोने आणलेला डबा उघडून तिने आधी वास घेतला. "हे बागेतल्या खानावळीतलं का गं? यात अळंबी पडलेली नाही ना?"

"नाही. बघून घेतलंय मी."

"बघत जा. अळंबी आपलं देवक आहे. आपल्या कुळात आजवर कुणी जिभेला लावलेली नाही. शहरात विसरली असशील."

"विसरले नाही. खातही नाही. पण खरं सांगू? मला त्याचं काही वाटत नाही."

सेंगाने डब्याचं झाकण लावलं. "तुला वाटतं तरी कशाचं गं?" ती म्हणाली, आणि मटोके, म्हणजे उकडलेली कच्ची केळी, वाढायला आत गेली.

वारुळाकडे नामुलोंडोचं लक्ष गेलं ते मातीमुळे. बागेतली वरची जमीन सगळी लाल मुरूम, पण वारुळाची माती राखाडी, आणि उन्हात धरली की तिच्यात अभ्रकाचे कण चमकायचे. तसली माती विहीर खणताना पार तळाशी लागते. म्हणजे वाळवी एकेक कण तोंडात धरून खालच्या खडकाची भुकटी वर आणत होती. आणि खडक तर इतका जुना, की तो झाला तेव्हा जगात झाडच नव्हतं. डॉक्टर अतुहैरेंना हे फार आवडलं. नामुलोंडो वारुळाच्या पायथ्याशी सांडलेली माती चाळायची, डिंकात कालवायची आणि मोठ्या कापडावर थरावर थर देत बसायची. आपण लहानपणी याच वारुळाभोवती नागडे पळालो, हे तिला अधूनमधून आठवायचं, पण त्या आठवणीत ती फारशी रमली नाही.

वालुसिंबीला मात्र आवाज हवा होता. सेंगा काठ्यांवर ताल धरते हे कळल्यावर तो तिच्या दारातून हलेना.

"आत्ता? कोरड्या दिवसांत?" सेंगाने त्याला झटकलं. "पावसाळ्याबाहेर वारुळावर काठी वाजवायची नसते, शहाण्या. तुझ्या आईने काही शिकवलंय की नाही?"

"वारुळावर नको, सेंगा. इथे तुमच्या ओट्यावर वाजवा. वाळवीला पत्ताही लागणार नाही."

हो-नाही करता करता तिने वाजवलं. आणि काय वाजवलं! आधी सावकाश, थेंब थेंब, मग सरी, मग धो धो, आणि वर गाणं. शेजारणी कामं टाकून कुंपणाशी आल्या. वालुसिंबीने ते यंत्रात भरलं आणि लगेच मोठ्याने ऐकवलं. सेंगा आपल्याच आवाजाकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"ही मी?"

"तुम्हीच."

"पुन्हा लाव. मोठ्याने लाव. त्या टोकाच्या घरातलीला ऐकू जाऊ दे, फार मिजास आहे तिला!"

मग वालुसिंबीने आपला बेत सांगितला. वारुळाभोवती चार बाजूंना स्पीकरचे डबे ठेवायचे, आणि प्रदर्शनाला लोक आले की त्यांतून हा ताल वाजवायचा. सेंगाने हातातल्या काठ्यांकडे बघितलं. काठी वाजवायची नाही, ही रीत. पण डबा?

"डब्याला कुठे हात असतात?" शेवटी तिनेच निकाल दिला. "काठी ती काठी, डबा तो डबा. वाळवी काय एवढी मूर्ख आहे? वाजव बिनधास्त. आणि माझं नाव सांग सगळ्यांना."

नामुलोंडो तिथेच बसली होती. लहानपणी एकदा उन्हाळ्यात तिने खेळता खेळता त्याच वारुळावर काटकी वाजवली होती, आणि वडिलांनी मनगटावर सणसणीत चापट मारली होती. आयुष्यात तेवढी एकदाच. ते तिला आठवलं. बोलावंसं वाटलं. पण पोरांनी दंगा करू नये म्हणून मोठी माणसं काहीबाही सांगतात, असं म्हणून तिने ते मनातल्या मनात मिटवलं. शिवाय खरं सांगायचं तर आपल्या मातीच्या कापडामागे तो ताल कसा वाजेल, हे ऐकायची तिलाही हाव सुटली होती.

प्रदर्शन सुरू झालं ते ऐन कोरड्या दिवसांत. पाहुणे येणार म्हणून माळ्यांनी सकाळपासून हिरवळीवर पाण्याचे फवारे सोडले होते. वारुळाभोवतीची जमीन चांगली ओलीचिंब झाली. वालुसिंबीने डबे सुरू केले. थेंब थेंब, मग सरी, मग धो धो. आणि दुपारी, भर उन्हात, वारुळाच्या भोकांतून मपावू बाहेर पडायला लागली.

लोकांनी तोंडात बोटं घातली. आभाळात पंखच पंख. टकल्या डोक्याचे ते करोली पक्षी, जे एरवी उकिरड्यावर असतात, ते धावत आले. पाहुणे फोन वर धरून उभे. सेंगा नव्या कोऱ्या गोमेसीत पहिल्या रांगेत बसली होती, ती उठली, चादर पसरून तिने मपावू गोळा केली, तिथेच चुलीवर परतली आणि पाहुण्यांना मूठ मूठ वाटली. डॉक्टर अतुहैरेंनीही एक दाणा तोंडात टाकला. त्यांच्या मुलखात हे खात नाहीत, पण त्यांनी गिळला.

"मी म्हटलं नव्हतं?" सेंगा ज्याला त्याला सांगत होती. "डब्यातून वाजले तरी हात माझेच आहेत!"

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्याही. बातमी कंपालापर्यंत गेली, शाळांच्या बसगाड्या यायला लागल्या. वाळवी रोज थोडी थोडी कमी यायची, पण गर्दी वाढत होती, तिकडे कुणाचं लक्ष होतं? नामुलोंडो संध्याकाळी गळून पडलेले पंख वेचायची आणि ओल्या मातीच्या थरावर चिकटवायची. ते कापड बघून डॉक्टरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. वारुळाभोवती काच बसवायची, डबे कायमचे ठेवायचे, तिचं कापड भिंतीवर लावायचं, आणि खाली फलकावर तिचं नाव. कायमचं.

"पण वारूळ सेंगाचं आहे," नामुलोंडो म्हणाली.

"अर्थात. त्यांनी या पावसाळ्यात मपावू काढली तर ते त्यांचंच, मग काच नाही. शब्द दिलाय, तो मी मोडणार नाही. मी आपलं, नाही निघाली तर, एवढंच म्हणतेय."

नामुलोंडो मान हलवून बाहेर आली. फलकावरचं आपलं नाव तिने चालता चालता मनात लिहून पाहिलं. छान दिसलं.

पाऊस आला. वालुसिंबी तोवर दुसऱ्या कामाला निघून गेला होता. सेंगा खोपट्याचं सामान घेऊन आली, वेत रोवले, पानं घातली, आत बसली आणि काठ्या वाजवायला लागली. सकाळची दुपार झाली. वारुळाच्या भोकाशी दोन-चार बिनपंखी कामकरी वाळव्या आल्या, ओली माती लिंपून परत गेल्या. बाकी काही नाही.

"उद्या," सेंगा म्हणाली.

उद्याही नाही, परवाही नाही. आधी बघायला येणारी माणसं मग येईनाशी झाली, कारण बघवत नव्हतं. सेंगाच्या तळहातांना फोड आले. तिने त्यांना फडकी बांधली आणि पुन्हा काठ्या उचलल्या.

"सेंगा, पुरे कर," नामुलोंडो खोपट्यात वाकून म्हणाली.

"आत काही नाही गं," सेंगा म्हणाली. आवाजात राग नव्हता, हीच पंचाईत. "पंख फुटलेली होती नव्हती ती सगळी गेली. करोलींनी खाल्ली आणि आपण पाहुण्यांना वाटली. आता पुढच्या सालाशिवाय पंख फुटत नाहीत."

"पण ती तूही खाल्लीस ना? ते धरत नाहीत?"

"पावसाळ्यातलं धरतात. ते उन्हातलं होतं." तिने काठ्या मांडीवर ठेवल्या. "मला कळायला नको होतं का? म्हणे डब्याला हात नसतात! म्हातारपणी कौतुकाची चटक लागली मला, दुसरं काय?"

नामुलोंडोला तेव्हा लाज वाटली. खरीखुरी लाज. चापट आठवली होती. तोंड उघडलं नव्हतं. आणि फलक आवडला होता.

पावसाळा उतरणीला लागला तेव्हा एका सकाळी नामुलोंडोलाच ती दिसली. वारुळाच्या पायथ्याशी जमीन फोडून पांढऱ्या टोप्या वर आल्या होत्या. अळंबी. वारुळाच्या पोटात वाळवी जे पिकवते तेच वर डोकं काढतं, हे डॉक्टर अतुहैरेंनीच तिला पूर्वी सांगितलं होतं. तिने त्यांना आणून दाखवलं.

"मग झालंच की!" डॉक्टर मनापासून म्हणाल्या. काच गेली याचं त्यांना वाईट वाटलं असेल, पण बाई सरळ होती. "वारुळातूनच आलंय. सेंगांना म्हणावं काढा, शिजवा, खा. वारूळ त्यांचं."

नामुलोंडो सेंगाला बोलवायला निघाली. परक्या मुलखातल्या बाईला काय माहीत!

सेंगाने अळंबी बघितली. बराच वेळ बघितली. मग शेजारणीकडे गेली आणि तिचं भांडं मागून आणलं. शेजारीण दुसऱ्या कुळातली, तिच्या घरात अळंबी शिजायची. "माझ्या भांड्याला नको," सेंगा म्हणाली. वारुळापाशीच तीन दगड मांडून तिने चूल पेटवली. साक्षीला चेअरमनला बोलावणं धाडलं. चेअरमन म्हातारा, आणि तोही अळंबीच्याच कुळातला. चुलीवर काय आहे ते कळल्यावर तो लांब झाडाखाली बसला, वासाच्या पलीकडे.

शेंगदाण्याच्या कुटात अळंबी रटरटायला लागली, तेव्हा नामुलोंडो पुढे झाली.

"मी खाते. मीही त्याच घरातली आहे. आणि मला त्याचं काही वाटत नाही, तुला माहीत आहे."

"वारूळ तुझं आहे का?"

"नाही."

"मग बस खाली."

"सेंगा, नको खाऊस. राहू दे ते वारूळ. एवढं काय आहे त्यात?"

सेंगा चुलीतलं लाकूड मागे ओढत होती, ती थांबली. "नवऱ्याच्या घरी होते तेव्हा घर त्याचं होतं," ती म्हणाली. "इथे आले तर घर भावाचं. मग भाच्यांचं, मग बागेचं. माझं म्हणून बोट दाखवावं असं मला एकच मिळालं. ते मी सोडू, कारण देवकाला वाईट वाटेल? वाटू दे. माझं देवकाशी मी बघून घेईन."

तिने पानावर वाढून घेतलं. सगळ्यांकडे तोंड करून बसली. पहिला घास तोंडात घातला तेव्हा तिचा चेहरा जागचा हलला नाही. काही वाटत नाही म्हणणारी नामुलोंडो, पण आत्याच्या हिरड्यांत ती पांढरी अळंबी चावली जाताना बघून तिचे डोळे भरून आले. या वेळी तिला थर दिसले नाहीत. नुसती आत्या दिसत होती.

"मीठ कमी पडलं," सेंगा म्हणाली.

पान पुसून खाल्ल्यावर तिने चेअरमनकडे बघितलं. तो काठी टेकत उठला. "मी पाहिलं," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वारुळातून निघालं, मालकिणीने खाल्लं. वारूळ तिचं." सेंगा त्याच्यासमोर रीतीप्रमाणे गुडघ्यावर बसली, निरोपाचा नमस्कार करायला. त्याने तो घेतला नाही. तोंड फिरवून फाटकाकडे चालता झाला.

सेंगा तशीच गुडघ्यावर राहिली. मग हळूच बूड टेकून बसली.

"म्हातारा भित्रा आहे," ती म्हणाली. "पण त्याचंही बरोबर आहे."

नामुलोंडो तिच्याजवळ सरकली. भांड्याच्या तळाशी एक तुकडा उरला होता. तिने हात घातला. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. आत्या कुळाबाहेर एकटी पडू नये एवढंच मनात होतं. तुकडा बोटांत धरून ती तो तोंडाकडे नेणार, तोच मनगटावर चापट बसली. सणसणीत. तुकडा राखेत पडला.

"खबरदार!" सेंगा ओरडली. तिचे डोळे आता पाण्याने भरले होते. "मी बाटले तेवढं पुरे. उद्या मी मेले तर कुळातलं दुसरं कुणी यायचं नाही मला माती द्यायला. एक तरी स्वच्छ हाताची उरू दे."

नामुलोंडो मनगट चोळत बसली. जागा तीच होती, वडिलांनी मारलं होतं तीच.

"येईन मी," ती म्हणाली.

"येशील. आणि खड्ड्यात डोकावत उभी राहू नकोस. रड जरा."

मग सेंगाने शेजारणीचं भांडं राखेने घासायला घेतलं, आणि नामुलोंडो उठून वारुळाभोवतीच्या डब्यांच्या तारा उपटायला लागली.